नमुन्याची धूळ

३ मार्च, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. निवृत्तीनंतर सुरू केलेली पहिली आठवडाभरात बंद पडली, पण तो डायरीचा दोष होता. कागद फार खरबरीत होता. हा गुळगुळीत आहे.

लेकीचा फोन. पंधरा तारखेला बिट्टीला घेऊन येतेय, आठवडाभर राहणार. बिट्टी, आमची नात, आठ महिन्यांची. अजून रांगत नाही. पोटावर गोल फिरते आणि दोन्ही हात टेकून, किक मारूनही सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखी जागच्या जागी हलते. कुठल्याही दिवशी सुटेल. ती सुटावी आमच्या हॉलमध्ये आणि माझ्यासमोर, एवढीच माझी इच्छा आहे. पहिला दात व्याह्यांनी पाहिला. एखादी गोष्ट आमच्याही वाट्याला यायला हरकत नाही.

अडचण एकच. धुळीने बिट्टीची छाती वाजते. डॉक्टरांनी लेकीला बजावलंय, धुळीत ठेवायचं नाही. लेकीने आईला विचारलं, हॉलमधल्या कार्पेटचं काय. बायको म्हणाली, गुंडाळून माळ्यावर टाकते. मी म्हणालो, कार्पेट मी पसंत केलेलं आहे, मीच बघतो. व्हॅक्युम क्लीनर आणतो. जन्म कारखान्याच्या खरेदी खात्यात गेला. बॉयलर घेतले, क्रेन घेतली. धूळ ओढायचं एक यंत्र ते काय. उद्या दुपारी विषय संपलेला असेल.

४ मार्च, मंगळवार

दुकानात विक्रेत्याने पहिलाच प्रश्न विचारला, ओला की कोरडा?

हा प्रश्न असतो हे मला माहीत नव्हतं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. म्हणालो, दोन्ही बाजू मांडा. कोरडा म्हणजे नुसती धूळ ओढणारा. हलका, उचलायला सोपा, पण पाण्याचा थेंब गेला तर मोटर जळते. ओला म्हणजे पाणीही ओढणारा. कार्पेट साबणाच्या पाण्याने धुऊन तेच पाणी परत खेचतो, पण धूड मोठं, चाकं लावलेल्या बादलीसारखं. मग म्हणाला, ओलं-कोरडं दोन्ही करणारंही मिळतं, बरेच लोक तेच नेतात.

बरेच लोक नेतात ते मी नेत नाही. दोन्ही कामं करतो म्हणणारा एकही धड करत नाही, हा माझा अनुभव आहे. शिवाय पाण्यात म्हैस ठेवून तिचं मोल करणाऱ्यांतला मी नाही.

रिकाम्या हाताने आलो. हिने विचारलं, आणला का. म्हणालो, प्रोसेस सुरू झाली. ही हं म्हणाली. समाधान दिसलं.

६ मार्च, गुरुवार

निर्णय. दोन वेगळ्या कंपन्यांच्या माणसांना घरी डेमोला बोलावलं. एक कोरडेसाहेब, एक ओलेसाहेब. (खरी नावं कार्डावर आहेत, पण कार्डं कुठे ठेवली ते आठवत नाही. नंबर मोबाइलमध्ये आहेत.)

खात्याचे दोन नियम लावणार. एक, ट्रायल खऱ्या मालावर. दोन, सगळे पक्ष हजर असल्याशिवाय कोणाच्याही टेंडरचं पाकीट उघडायचं नाही.

पहिल्या नियमात घोडं पेंड खातंय. हॉलमध्ये खरा माल नाही. ही रोज सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी हॉल झाडते, कार्पेटवरून ब्रशही फिरवते. अशा स्वच्छ कार्पेटवर कुठलंही मशीन पास होईल. म्हणून डेमो होईपर्यंत हॉल झाडायला बंदी केली. हिला नीट समजावून सांगितलं की साचेल ती धूळ म्हणजे कचरा नव्हे, नमुना. हिने हातातला झाडू खाली ठेवला. म्हणाली, बरं, हॉल तुमचा, बाकीचं घर माझं. अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

८ मार्च, शनिवार

धूळ फार हळू साचते. रोज झाडताना ही एवढी कुठून काढते कळत नाही.

कार्पेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग केले. डावा ओला, उजवा कोरडा. रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या. पायपुसणं दोन्ही भागांवर सारखं झटकलं. तरी कमी वाटली म्हणून गॅलरीतल्या कुंडीतली माती चाळणीतून पसरली. चाळणी पिठाची होती. धुऊन ठेवली.

नमुना तुडवला जाऊ नये म्हणून दारापासून बेडरूमपर्यंत वर्तमानपत्रांची पायवाट केली आहे. ही शाळेतून आल्यावर तिच्यावरून मुकाट्याने गेली. पिठाच्या चाळणीचा मात्र वास घेऊन पाहिला.

१० मार्च, सोमवार, दुपारी

ओल्या भागाला ओला डाग हवा, नाहीतर त्याच्यावर अन्याय. कपभर चहा ओतला. डाग मुरायला दोन दिवस लागतील. घाईने केलेला डाग खरा नसतो.

संध्याकाळी

हिने विचारलं, कप निसटला का. म्हणालो, नाही, ठरवून ओतला. त्यावर ही आत जाऊन वह्या तपासत बसली. टीव्ही हॉलमध्ये असल्यामुळे तिची मालिका बुडते आहे, त्याचा थोडा राग असावा. सगळ्यांना थोडी झीज सोसावी लागणारच.

मला आज बऱ्याच शिंका आल्या. ऋतू बदलतोय.

११ मार्च, मंगळवार

गंभीर प्रकार. डेमो शुक्रवारी दोघांचा एकत्र ठरला होता. कोरडेसाहेब आजच उगवले. म्हणाले, या बाजूला आलो होतो, उरकून टाकू. मोजकं बोलणारा माणूस, स्वभावानेही कोरडाच. मी चष्मा शोधेपर्यंत त्याने प्लग लावला आणि उजवा भाग साफ करून टाकला. मान्य करतो, कार्पेटचा मूळ रंग मी विसरलो होतो. हिरवा आहे.

पण नियम तो नियम. ओलेसाहेब हजर नसताना पाकीट उघडलं गेलं होतं. ट्रायल रद्द. मी कोरडेसाहेबांना सांगितलं की मशीनमधली पिशवी काढा आणि नमुना होता तिथे परत टाका. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी स्वतः गुडघ्यांवर बसून धूळ उजव्या भागावर एकसारखी पसरली, कोपऱ्यांपर्यंत. ते दारात उभे राहून बघत होते. शुक्रवारी नक्की या म्हणालो तर म्हणाले, बघतो.

हिला हा प्रसंग सांगितला नाही. वह्या बऱ्याच बाकी होत्या.

१३ मार्च, गुरुवार

ओलेसाहेबांचा फोन. शुक्रवार जमत नाही, शनिवारी सकाळी दहाला येतो. हे गृहस्थ बोलायला लागले की थांबत नाहीत. कोरडेसाहेबांना कळवलं. पुन्हा म्हणाले, बघतो.

लेक शनिवारीच दुपारी येणार. म्हणजे दहाला डेमो, अकराला निर्णय, बाराला खरेदी, आणि एकच्या आत त्याच मशीनने अख्खं कार्पेट चकाचक. उलट बरंच झालं, ताज्या स्वच्छतेत बिट्टी येईल. मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून जुने फोटो काढून टाकले. रांगण्याचा व्हिडिओ लांब होऊ शकतो.

रात्री जेवताना ही म्हणाली, गॅलरीत टाका ते कार्पेट, मी उद्या अर्धी रजा घेऊन झोडपून काढते. नको म्हणालो. इतकं जमवून आणलेलं. मग तिने विचारलं, आपण पोरीला बोलावलंय की मशीनला? प्रश्न विषयाला सोडून होता.

१५ मार्च, शनिवार, सकाळी ९

सर्व तयारी पूर्ण. दोन्ही प्लगपॉइंट मोकळे. नमुना उत्तम. घोडामैदान जवळ आहे.

सकाळी ११

ओलेसाहेब आले. कोरडेसाहेब नाहीत. फोन केला, वाटेत आहे म्हणाले. मी ओलेसाहेबांना थांबायला सांगितलं, पण ते बोलता बोलता काम करतात. चिकटपट्टी त्यांना दिसलीच नाही. दोन्ही भागांवर साबणाचं पाणी मारून झालं. माती, धूळ, चहा आणि साबण यांचा जो पदार्थ तयार झाला त्याला चिखल म्हणावं लागेल. मग त्यांनी ओढायचा पाइप हातात घेतला. तेव्हा मात्र मी आडवा आलो. एका पक्षाचं पाकीट एकदा चुकून उघडलं गेलं, दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत उघडू देणार नाही. कोरडेसाहेब येईपर्यंत एक थेंब ओढायचा नाही.

दुपारी १२

कोरडेसाहेब फोन उचलत नाहीत. ओलेसाहेबांना पुढच्या घरी जायचं आहे. ते म्हणतात, काका, निदान पाणी तरी खेचून घेऊ द्या. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणालो. मशीन घेऊन गेले. जाताना पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

ही शाळेत. शनिवारची सकाळची शाळा, येईलच.

दुपारी १

लेक आली. दारातच थांबली. बिट्टी कडेवर. मी पायवाटेच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो, हातात मोबाइल. वर्तमानपत्रंही भिजली होती.

बिट्टीने मला पाहून हसल्यासारखं केलं आणि शिंकली. मग पुन्हा शिंकली. लेकीने हॉलभर नजर फिरवली, खालपासून वर, आणि फार शांतपणे विचारलं, "बाबा, हिला मी खाली कुठे ठेवू?"

मी तिला ओलं-कोरडं समजावून सांगायला लागलो. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. बिट्टीला घेऊन ती भिंतीच्या कडेकडेने बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ७

बिट्टीची छाती वाजायला लागली. शिट्टीसारखा बारीक आवाज. मी दाराबाहेरून ऐकला. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

जावई आले. सज्जन माणूस. त्यांना मी खरेदीचे नियम सांगितले, तर हो बाबा, हो बाबा म्हणाले आणि बॅग उचलली. डॉक्टरांकडे दाखवून पुढे व्याह्यांकडे. आठवडा आता तिथेच काढणार.

हिने दोघींना खालपर्यंत सोडलं. वर आल्यावर माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळीच लेकीचा फोन. औषध दिलं, छाती मोकळी आहे, शांत झोपली.

हिने शेजारणींना हाताशी धरून कार्पेट गच्चीवर नेलं. बादली, साबण, ब्रश. मग हॉल झाडला, दोनदा पुसला. जेवणाच्या आत सगळं आटोपलं. तात्पुरती व्यवस्था म्हणून ठीक आहे. चिकटपट्टीची खूण फरशीपर्यंत उतरली होती, ती मी स्वतः नखाने काढली. हॉल उघडा आणि मोठा दिसतो. बोललेलं घुमतं.

लेकीला फोन केला. म्हणालो, आता इथे धुळीचा कण नाही. ती म्हणाली, राहू दे बाबा, ती इथे रमलीय, पुढच्या वेळी बघू.

१८ मार्च, मंगळवार

व्हॅक्युम क्लीनर घेतला. ओलं-कोरडं दोन्ही करणारा, पहिल्या दिवशी दाखवला होता तोच. विक्रेत्याने ओळखलं, पण काही विचारलं नाही. मीही डेमो मागितला नाही.

घरी हॉलभर फिरवला. सोफ्याखाली, दारामागे, सगळीकडे. पिशवी उघडून पाहिली तर एक रबरबँड. ही वह्या तपासता तपासता म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. मशीन खोक्यात घालून माळ्यावर टाकलं.

२० मार्च, गुरुवार

लेकीने व्हिडिओ पाठवला. व्याह्यांचा हॉल. उघडी फरशी, कार्पेट नाही, काही नाही. बिट्टी हात टेकून मागेपुढे हलते. हलते. आणि सुटते. एक गुडघा, दुसरा गुडघा, मधे एकदा बसकण, पुन्हा पुढे. व्याही मागून टाळ्या वाजवतायत आणि रडतायत. फरशीच्या टोकाला भिंतीला टेकवलेला झाडू आहे, ती तिकडे चालली आहे. पोचते, धरते, तोंडात घालायला बघते, तेवढ्यात विहीणबाई धावत येतात आणि व्हिडिओ संपतो.

बराच छोटा आहे. मी उगाच एवढे फोटो काढून टाकले.

हिने माझ्याच मोबाइलवर पाहिला. पुन्हा लावा म्हणाली. मग डोळे पुसून माझ्या शेजारी बसून राहिली. मी म्हणालो, इथे व्हायला हवं होतं. ही म्हणाली, हो. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२३ मार्च, रविवार

दोघं व्याह्यांकडे जाऊन आलो. मी फरशीवर बसलो, गुडघे दुखतात तरी. बिट्टी आधी हिच्याकडे गेली, मग टेबलाच्या पायाकडे, मग माझ्याकडे आली, खिशातलं पेन काढलं आणि परत फिरली. मी फरशीवर हात फिरवून पाहिला. हाताला काही लागलं नाही.

निघताना व्याही दारापर्यंत आले. म्हणाले, तुम्ही खरेदीतले जाणकार, तुम्हालाच विचारतो. पोर आता सारखी जमिनीवर असते, आम्हीही एक व्हॅक्युम क्लीनर घ्यावा म्हणतोय. ओला घ्यावा की कोरडा?

ही चपला घालता घालता थांबली. लेकही थांबली.

मी म्हणालो, झाडू चांगला आहे तुमचा.