सात नंबरचा जबडा

आदरणीय डॉक्टरसाहेब,

वाकून नमस्कार करायचा होता, पण कंबर ऐकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा. अ‍ॅरिझोनात लेकीकडे ऊन खात बसला आहात, गुडघे काय म्हणतात? दातांची चौकशी मुद्दाम करतो, कारण माझे हल्ली पेल्यात झोपतात. (जन्मभर दातांवरून हरणांची वयं सांगितली, आता माझं वय कोणाच्या बापाला सांगता येणार नाही.)

इकडे वरच्या मिशिगनमध्ये नोव्हेंबर लागला की माझे पाय अजून हायवेवरच्या आपल्या तपासणी नाक्याकडे वळतात. नाका कधीच बंद झाला. शिकारी आता हरणाची नोंद फोनवर करतात. ती गाड्यांची रांग आठवते ना? जबडा उघडायच्या आधीच जो तो सांगायचा, "जुना आहे हो, आठ वर्षांचा तरी असेल." तुम्ही दाढेवर बॅटरी मारून म्हणायचात, "दीड." की त्या शिकाऱ्याचं तोंड हरणापेक्षा जास्त उतरायचं. तुम्हाला तर खुडलेली काडीसुद्धा पुरायची. टोक चिरफाळलेलं असेल तर हरीण, कारण बिचाऱ्याला वरचे पुढचे दातच नाहीत, ओरबाडून खातं. सुरीने कापल्यासारखं असेल तर ससा. काय डोळा होता तुमचा. मला त्या दिवसांची फार आठवण येते, अगदी हिल्माबाई नाक्यावर आणून द्यायच्या त्या वेलदोड्याच्या पावासकट.

पावावरून मुस्ती आठवली. (माझी कुत्री. अर्धा पाव तिच्याच पोटात जायचा.) आपण दर मोसमाला ज्यांवर आपलीच नजर तपासायचो त्या परीक्षेच्या फळीवरचे जबडे, म्हणजे पाडस असतानाच कानात बिल्ला मारलेल्या, वय पक्कं ठाऊक असलेल्या हरणांचे, ते ८४ साली मी घरी धुवायला नेले होते. त्यातला सात नंबर मुस्तीने सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे नेऊन फस्त केला. माझी पाचावर धारण बसली. नाक्यावर जमलेल्या जबड्यांच्या बादलीतला तसाच दिसणारा एक उचलला आणि त्यावर जुनीच चिठ्ठी डकवली: साडेपाच वर्षे.

मोसमाच्या पहिल्या सकाळी रिवाजाप्रमाणे चिठ्ठ्या झाकून परीक्षा झाली. सात नंबरवर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "साडेतीन." मी चिठ्ठी उघडली. सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही जबडा पुन्हा उजेडात धरलात, बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "डोळे गेले रे ओनी." बॅटरी माझ्या हातात दिलीत. पुढची एकोणीस वर्षं दात मी बघायचो आणि तुम्ही वही धरायचात. मी एक शब्द बोललो नाही, त्याची लाज वाटते.

बाकी इकडे सर्व क्षेम. बर्फ यंदा लवकर पडला.

आपला आज्ञाधारक,
ओनी

ता.क. आपल्या वन्यजीव खात्यात नव्या आलेल्या सिग्नेबाईंनी फळीवरच्या प्रत्येक जबड्याचा एकेक दात कापून प्रयोगशाळेत त्यातली वर्षांची वलयं मोजून घेतली. सात नंबर साडेतीनच निघाला. चिठ्ठी कोणी लावली म्हणून बाई विचारत होत्या. मी कुत्रीचं नाव सांगितलं.

दुसरा ता.क. मग रात्रभर झोप आली नाही, सकाळी जाऊन माझं सांगितलं. बाईंकडे यंदाचे अकरा जबडे आलेत आणि वय सांगायला माणूस हवा आहे. मी तुमचं नाव दिलंय, न विचारता. पंधरा तारखेला या. बॅटरीत नवे सेल घातलेत. या वेळी वही मी धरतो.