पडद्याचा उजेड आणि कवितेतला पंप

चि. भाचेबुवांस,

मामाचे आशीर्वाद. तू वेळेवर जेवतोस आणि वेळेवर झोपतोस, असं धरून चालतो. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझे डोळे तेवढे सोडून.

कारण तू जाताना माझ्या संगणकावर बसवून दिलेलं ते लिनक्स. (तक्रार नाही. 'आता आपण मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र' असं छापखान्यात छाती फुगवून सांगून बसलोय, त्यामुळे तक्रारीची सोयच उरली नाही.) खिडकी ओढली की डुलते, बंद केली की पेट घेते, अख्खा पडदा ठोकळ्यासारखा गरकन फिरतो. पण उजेड कमी कर म्हटलं तर ढिम्म! म्हणजे घराला आग लावायची सोय आहे, दिवा बारीक करायची नाही. छापखान्यातली मुद्रितं घरी आणून दिवसभर तपासणाऱ्याने करावं काय? काळा चष्मा लावून बसलो, तर तुझी मामी म्हणाली, दारावर वेल्डिंगची पाटी लावू का?

तू फोनवर सांगितलं होतंस, एक कळ दाबून माउसचं चाक फिरवा. कोणती कळ ते विसरलो, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली (मामा ना मी!). म्हणून हाताला लागेल ती दाबली, चाक फिरवलं आणि काय सांगू, डोळे निवले. प्रत्यक्षात उजेड कमी झालाच नव्हता, वरची खिडकी काचेसारखी आरपार झाली होती. पुढे एका कवीचा विरहकवितांचा संग्रह, मागच्या खिडकीत पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, तीही तपासायलाच आलेली. हे कळलं फार उशिरा. मला कडव्यांच्या मधे पुसट ओळी दिसल्या. ठळक करायला गेलो तर कर्सर त्यांना शिवेना. मी पडलो कर्तव्यदक्ष! एकूण एक ओळ नव्याने टंकली. 'तू गेलीस त्या संध्याकाळी, प्रथम झडप घट्ट बंद करावी.' म्हटलं, हल्ली असंच लिहीत असतील.

मालकांनी पुस्तक उघडलं ते छापून, वाटून झाल्यावर. मला बोलावून म्हणाले, उद्यापासून येऊ नका. या वयात दुसरं काम कोण देणार रे? चपला घालतोय तोच दारात कवी. आता हा मारणार म्हणून मी डोळे मिटले, तर त्याने कडकडून मिठी मारली! कुणा समीक्षकाने त्याला 'विरहाला यंत्राची झडप बसवणारा पहिला कवी' म्हटलं होतं. नोकरी वाचली, डोळे मात्र अजून चुरचुरतात. तेव्हा उजेड कमी करायची कळ तेवढी कळव.

तुझा,
मामा

ता. क. उजेडाचं राहू दे. पडद्याच्या खालच्या कडेला एक बटण आहे म्हणे. मामीने धूळ पुसता पुसता दाबलं आणि झाला कमी. (छापखान्यात हे मीच शोधलं असं सांगितलंय. तू तोंड उघडू नकोस.)

आणखी ता. क. मला हवीय ती खिडकी आरपार करणारी कळ. ती आता काही केल्या सापडत नाही. उद्या त्याच कवीचा दुसरा संग्रह येतोय, आणि मालकांनी बजावलंय, पहिल्यासारखाच तपासा, नाहीतर घरी बसा. मागे उघडायला मी मामीच्या शिलाई मशीनची पुस्तिका काढून ठेवली होती. पण कवी ऐकत नाही. म्हणतो, पंपच असू दे, आता ती माझी शैली आहे.