मांजर निघून गेलं

४ सप्टेंबर, भोकरदन
टेंभुर्णीहून आत्ता आले. कुत्र्याची पिल्लं बघवत नाहीत, रक्ताची हगवण. पण लोक स्वतः हाक मारतात, "डॉक्टरबाई, इकडं बी या." सलाईन लावलं, नमुने घेतले. पार्वोच असणार.

मांजराचा मात्र आजही एक नमुना नाही. उंदरांपायी घरटी मांजर पाळणारं गाव, आणि विचारलं की सगळ्यांचं एकच, "आमचं न्हाई मेलं. निघून गेलं." म्हाताऱ्या खालाबींकडं गेले, तिथंही तेच, "कहीं निकल गई बेटा." गावातली मांजरं अशी एकदम निघून कुठं चाललीत, पुण्याला?

गाईड सरांचा फोन. म्हणे प्रबंध कुत्र्यांवरच करा, मांजर विषयातून काढा. मी हो म्हणाले नाही. कुत्र्यांचा पार्वो मांजरांत उतरलाय, की मांजरांचा आपला वेगळाच विषाणू फिरून राह्यलाय, हेच तर बघायचंय मला. मांजर काढलं तर माझ्या कामात उरतं काय? दिवाळीपर्यंत मुदत मागितली. "बघू," म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे नाही, हे आता कळायला लागलंय.

७ सप्टेंबर
चिंगीनं माझी ओढणी फाडली. जिन्याखाली सापडली तेव्हा मांजरीचं मुठीएवढं पिल्लू होती, आता घर डोक्यावर घेते. झोपायला हिला माझी कामाची पिशवीच लागते. लस द्यायचं वय व्हायला अजून महिना आहे. तोवर जपायचं. बूट ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवल्याशिवाय मी आत येत नाही.

घरमालकीण नलूकाकू जिन्यात फिनेल ओतून राह्यल्या. सांगितलं, फिनेलनं हा विषाणू मरत नाही. "वास तर चांगला येतो ना," म्हणाल्या.

११ सप्टेंबर
सरूमावशीची काळी मांजर दिसली नाही. टेंभुर्णीत मी गाडी मावशीच्याच ओट्याशी लावते, काळी कायम सीटवर येऊन बसायची.
"निघून गेली."
"जायच्या आधी कशी होती?"
"पाण्यावर मान टाकून बसली होती. पीत न्हाई, हलत न्हाई. औषध खाल्लेला उंदीर गिळला आसंल."
पाण्यावर मान टाकून. पुस्तकात हेच लिहिलंय, पण मावशीनं जास्त बराबर सांगितलं. विष नाही, पॅनल्यूकोपेनियाच, मांजरांचा तो जीवघेणा आजार. आनंद झाला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. गाडीवर बसणारी मांजर होती ती.

संध्याकाळी आष्टीला आईला फोन केला. ती हसायलाच लागली. "आगं येडे, मांजर घरात मेलं म्हणतं का कुणी? पाप लागतंय. सोन्याचं मांजर करून काशीला कोण जाईल? आपली ढवळी कुठं गेल्ती मंग?"

ढवळी निघून गेल्ती. लहानपणी किती दिवस मी दाराशी दूध ठेवलं होतं तिच्यासाठी. एवढी मोठी झाले, जनावरांची डॉक्टर झाले, आणि ढवळी मेली हे आज कळलं. रडले चक्क.

म्हणजे टेंभुर्णीत निघून गेलं म्हणजे मेलं. सगळीच. आणि मी खुशाल "बेपत्ता" लिहीत बसले होते.

१८ सप्टेंबर
"मेलं का" विचारणं बंद. "निघून जायच्या आधी काय करत होतं" असं विचारलं की बायका भडाभडा सांगतात. उलट्या, पाण्यावर बसणं, अंग गार. पण ती सगळी पुरून झाली. मला जितं, आजारी मांजर पाहिजे. मावशीला म्हणाले, निघायच्या बेतात असलेलं कुठलं दिसलं तर फोन कर.
"आसं बोलू न्हाई, बाई." मान फिरवली. चहा पण दिला नाही आज.

हट्ट सोडणार नाही. परवा परत जाणार.

२६ सप्टेंबर
चिंगी सकाळपासून जेवली नाही. दोनदा उलटी.
दुपारी वाटीपाशी जाऊन बसली. पाण्यावर मान टाकून.

२७ सप्टेंबर
नमुना घेतला. दुसरं कोण घेणार. सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, सगळं चालू आहे.
बूट धुतले. पिशवी धुतली नाही. आणि ती पिशवीवरच झोपायची. यावर आज विचार करायचा नाही, आज फक्त सलाईन.

२९ सप्टेंबर
आईचा फोन. "चिंगी कशी हाय?"
"निघून गेली," तोंडातून आपोआप निघालं.
आई म्हणाली, "जेवलीस का तू?"

इथं तरी नीट लिहिते. चिंगी मेली. माझ्या मांडीवर मेली. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेला पाठवला. सर म्हणाले, एका नमुन्यानं काय होणार. मी म्हणाले, एकापासूनच सुरू होतं सर. पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले.

३ ऑक्टोबर
टेंभुर्णी. आज कुणाला काही विचारलं नाही. मावशीच्या ओट्यावर बसले आणि सांगितलं, "माझी मांजर मेली, मावशी. निघून नाही गेली. घरात मेली. हा आजार मीच घरी नेला."
"मेली म्हणू न्हाई गं."
"मेलीच. पाप लागायचं ते मला लागू दे. बाकीची वाचवू."

मावशी उठून आत गेली. मला वाटलं आता दार लावते. टोपलं घेऊन आली. गोधडीच्या तुकड्यात काळीचं पिल्लू, डोळे खोल गेलेले.
"हे निघून..." म्हणाली आणि थांबली. मंग माझ्याकडं न बघता, "हे मरून राह्यलंय. काही होतंय का बघ."

नमुना घेतला. कातडीखाली सलाईन दिलं. मावशीनं पिल्लू धरलं होतं, बिलकुल हलू दिलं नाही. निघताना खालाबी दारातून म्हणाल्या, "बेटा, इधर भी एक है. जाते वख्त देख लेना."

४ ऑक्टोबर
प्रयोगशाळेचा निकाल अजून नाही. कुत्र्यांचा का मांजरांचा, कळायचंय. सरांना फोन केला नाही, निकाल हातात आल्यावरच करीन.
जुनी पिशवी जाळली. नवी बादलीत बुडवता येईल अशी घेतली.

आत्ताच मावशीचा फोन आल्ता. नाव बघून उचलायचा धीर होईना.
"ये जल्दी," म्हणाली. "अजून हाय."