लाल डबा सोडून कुठलाही

३ मार्च

आजपासून सूड.

कारण लिहून ठेवते, म्हणजे राग थंड होणार नाही. माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं. वॉरंटीत होतं. सेवा केंद्रातल्या माणसाने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, स्क्रूवरचा स्टिकर फाटलाय. तुम्ही उघडलं होतं." हो, उघडलं होतं. कार्डावरच्या पंख्यावर धूळ बसली होती, ती पुसली. ओलसर फडक्याने. ओलसर म्हणजे ओलं नव्हे. "मग वॉरंटी गेली," म्हणाला, आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं.

स्वच्छतेला गुन्हा ठरवणाऱ्या कंपनीचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. तिचा डबा लाल असतो. लाल डबा, बस.

संकल्प: लाल डबा या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही. त्यांना माझी किंमत कळेल.

४ मार्च

बाबांना समजावून सांगितलं. कार्डाची मुख्य चिप एकच कंपनी बनवते. मग वेगवेगळे उत्पादक ती घेतात, आपापले पंखे लावतात आणि आपापल्या रंगाच्या डब्यात घालून विकतात. आपण फक्त उत्पादक निवडायचा. बाबा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, त्यामुळे डब्यांचं त्यांना कळतं. म्हणाले, "म्हणजे आत माल एकच?" मी म्हटलं, "बाबा, प्रश्न मालाचा नाही, तत्त्वाचा आहे." त्यांनी मान डोलावली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यामुळे तत्त्वांचं खातं माझ्याकडे असतं.

५ मार्च

आर्किटेक्ट मॅडमचं काम. लहान मुलांचं हॉस्पिटल बांधायचंय. बांधायच्या आधीच आतून फिरून आल्यासारखं वाटेल अशी फिल्म मी कॉम्प्युटरवर करायची. अठ्ठावीस तारखेला ट्रस्टच्या लोकांसमोर दाखवणार. आवडली, तर मॅडमचं वर्षभराचं सगळं काम मला. नाहीतर मामाचं झेरॉक्सचं दुकान. मामाने स्टूल आणून ठेवलंसुद्धा. म्हणतो, "ग्रॅज्युएट बसली की दुकानाला वजन येईल."

भरपूर वेळ आहे. दोन दिवसांत कार्ड ठरवून टाकते.

८ मार्च

निळा डबा जवळजवळ पक्का. घेण्याआधी त्यांना एक सविस्तर ईमेल पाठवलं. स्टिकरबद्दल तुमचं धोरण काय, स्वच्छतेबद्दल भूमिका काय, आणि ग्राहक खरं बोलत असेल तर तुम्ही काय करता?

९ मार्च

उत्तर आलं. सुरुवात "डिअर सर" अशी.

मी सर नाही, असं कळवलं.

१० मार्च

"डिअर सर, गैरसोयीबद्दल क्षमस्व."

निळा डबा बाद. यांच्यावरही सूड.

१२ मार्च

दुकानात जाऊन पांढरा डबा पाहिला. फार देखणा. आवाज नाही, तापत नाही, परीक्षणं उत्तम. घेणारच होते. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, हे लेडीजना फार आवडतं. रूममध्ये शोभून दिसतं." मी विचारलं, शोभण्याशिवाय आणखी काय करतं? तो म्हणाला, "लाइट लागतात ना."

विकणाऱ्याच्या तोंडाला बनवणाराच जबाबदार. पांढरा डबा तिथल्या तिथे बाद. दारात थांबून ठणकावलं, "हे तुमच्या कंपनीला फार महागात पडणार आहे." तो म्हणाला, "ताई, हेल्मेट राहिलं."

१३ मार्च

कार्डाशिवाय एक चित्र काढून पाहिलं. सकाळी लावलं. जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा कुठे अर्धा जिना दिसला. हॉस्पिटलच्या अंगणातली झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी.

मॅडमचा फोन. कुठवर आलंय? म्हटलं, जिन्यापर्यंत. खोटं बोलले नाही.

१५ मार्च

काळा डबा. तीन पंखे, दणकट, तत्त्वाने निर्मळ. पण माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब. बाबा म्हणाले, "आण तू. ग्राइंडरने कापू." विचारलं, काय कापायचं, कॅबिनेट की कार्ड? म्हणाले, "तू सांगशील ते."

नंतर विचार केला. एवढं लांब कार्ड बनवताना या लोकांनी छोट्या खोलीत, छोट्या टेबलावर काम करणाऱ्यांचा विचार केला का? नाही केला. हा वर्गाचा प्रश्न आहे. काळा डबा बाद.

१६ मार्च

आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "कार्ड घेतेयस की स्थळं बघतेयस? ह्याचं बोलणं वाईट, त्याची उंची जास्त. तुझ्या आत्यानेसुद्धा इतक्यांना नाकारलं नव्हतं, आणि ती तर नाकं मोजायची."

आईला ग्राहक चळवळ समजत नाही. तिचा दोष नाही.

१८ मार्च

शत्रूवर थेट हल्ला. आजपासून जनजागृती. चष्मेवाल्याला लाल डब्याबद्दल पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ते सांगितलं, मग पुन्हा लाल डब्याचं सांगितलं. तो म्हणाला, "नाही घेणार हो कधी. आता नंबर तपासायचा का?"

एक ग्राहक तोडला!

संध्याकाळी इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि काकूंकडे आलेली पाहुणी. आणखी तीन. लाल डब्याच्या मुख्य कार्यालयात आज काहीतरी जाणवलं असेल.

१९ मार्च

फिल्म: प्रगती नाही. जनजागृती: दोन.

२० मार्च

राखाडी डबा. नवीन कंपनी, म्हणजे अजून बिघडलेली नाही. फोनवर विचारलं, तुमचं सेवा केंद्र कुठे आहे? मुलगा म्हणाला, "त्याची गरजच पडणार नाही, मॅडम." पण पडली तर? "नाही पडणार." पण समजा पडली? "तुम्ही फार निगेटिव्ह आहात."

राखाडी डबा बाद. त्या मुलावर वेगळा सूड, सवडीने.

२१ मार्च

आढावा. निळा, पांढरा, काळा, राखाडी: बाद. लाल: शत्रू.

पाचांविरुद्ध मी एकटी. याचा अर्थ माझी भूमिका बरोबर आहे. तडजोड केली असती तर एवढ्यात कार्ड मिळालं असतं.

२२ मार्च

जेवताना लाल डब्याच्या कारस्थानांबद्दल बोलले. आई उठून गेली. बाबा मात्र शेवटपर्यंत ऐकत होते. मधेच त्यांनी डब्यावर काय चित्र असतं तेही विचारलं. त्यांच्याही मनात राग पेटू लागलाय. एक पिढी जागी झाली.

२३ मार्च

मॅडमचा फोन. आवाज फार गोड, म्हणजे परिस्थिती गंभीर. म्हणाल्या, "हे बघ, जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. एक स्टुडिओ तयार आहे. परवा सकाळपर्यंत कळव."

जमणार, असं ठासून सांगितलं. कसं ते नंतर बघू.

नंतर बघितलं. कसंच नाही.

मामाचाही फोन आला. स्टुलाला गादी करायला टाकलीय. रंग कुठला हवा?

लाल सोडून कुठलाही, म्हटलं.

२४ मार्च

लिहायला हात होत नाही.

बाबा कामावरून उशिरा आले. गोदामाचा युनिफॉर्म, बगलेत एक खोका. माझ्या टेबलावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले.

लाल डबा.

मला वाटलं चेष्टा आहे. पण बाबा चेष्टा करत नाहीत, त्यांना येत नाही. म्हणाले, "तीन आठवडे तुझ्या तोंडात दुसरं नाव नाही. निळ्याचं एक दिवस बोललीस, पांढऱ्याचं एक दिवस. ह्याचं रोज. मी आईला म्हटलं, पोरीचा जीव ह्याच्यातच अडकलाय. झेपणार नाही म्हणून उगाच नावं ठेवतेय."

मी म्हटलं, "बाबा, मी त्यांचा द्वेष करते."

"असू दे," बाबा म्हणाले. "चार रविवार जादा पाळ्या करतो म्हणून पैसे आगाऊ मिळाले. दुकानदार परत घेत नाही, मी विचारलं नाही, पण चेहऱ्यावरून वाटलं." मग हळूच म्हणाले, "स्टिकरला मी हात लावलेला नाही हं."

आईने दारातून विचारलं, "झालं का लग्न?"

२५ मार्च

सकाळी मॅडमना कळवलं, काम होतंय. कार्ड बसवलं.

ही शरणागती नाही. शत्रूच्या गोटात घुसल्याशिवाय त्याचे दोष कळत नाहीत. या कार्डात जेवढे दोष सापडतील तेवढे नोंदवून ठेवणार आणि मग एकदम बाहेर काढणार.

दोष:

२६ मार्च

दोष: अजून शोधतेय.

अख्खी इमारत दुपारपर्यंत फिरून झाली. जिने, वॉर्ड, खिडकीतून येणारं ऊन. झाडांना पानं आली. वारा सुटला की ती हलतात. आईने काम टाकून खुर्ची ओढली. म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या खाटेजवळ आईला बसायला जागा नाही." खरंच नव्हती. बाक घातला.

२७ मार्च

आवाज येतो का ते पाहायला कान लावून बसले. येत नाही. संशयास्पद आहे.

२८ मार्च

ट्रस्टच्या लोकांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तो बाक राहू द्या हं." मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. वर्षभराचं काम मला!

मामाला सांगितलं. म्हणाला, हरकत नाही, गादी झालीय, कधीतरी नुसती येऊन बस.

आता हात मोकळे झाले. उद्यापासून लाल डब्याचा हिशोब.

३० मार्च

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, आमच्या मशिन्सनाही तसंच कार्ड हवं. तुझा एवढा अभ्यास आहे, कुठल्या कंपनीचं घ्यायचं?

हाच तो क्षण होता. मी श्वास घेतला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. सेवा केंद्र, भिंग, मागच्याला दिलेली हाक. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. पण तुझी फिल्म कुठल्यावर केलीस?"

खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

दुपारी त्यांच्या गाडीतून दुकानात गेले. तीन लाल डबे घेतले. दुकानदाराने बिलावर सही घेतली आणि म्हणाला, "ताई, या महिन्यात ह्या कंपनीचं एवढं कुणीच नेलं नाही. एक फोटो घेऊ? दुकानाच्या पेजवर टाकतो." नको म्हणणारच होते, पण हातात तीन डबे, तोंडावर हात धरायला जागा नव्हती.

फोटो चांगला आलाय. केसही बरे बसलेत. बाबांनी गोदामात सगळ्यांना दाखवला. त्यांच्या सुपरवायझरच्या मुलाला कार्ड घ्यायचंच होतं. तो उद्या लाल डबा आणतोय.