रॉकवाल्यांनी राजकारणात पडावे काय, याविषयी चिमणीस

चिरंजीव चिमणीस,

दादाचा आशीर्वाद. (तुझे केस माझ्याहून पांढरे झाले असले तरी आशीर्वाद थोरल्याकडून धाकटीकडेच वाहायचा, हा नियम काही मी केलेला नाही.) तुझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या खेपेस विचारायचं राहून गेलं. मेहुण्यांच्या कानातलं यंत्र सुरू झालं का? नसेल तर घाई करू नका. सध्या आमच्या गावात ज्याला ऐकू येत नाही तोच सुखी आहे, आणि त्याचं कारण दुर्दैवाने मीच आहे. माझी तब्येत ठणठणीत. लाजेने माणूस मरत नाही, एवढं या आठवड्यात माझ्यावर सिद्ध झालं.

आमची नात रागावून तुझ्याकडे येऊन राहिली, हे तू सूनबाईला फोनवर कळवलंस. ती काय काय म्हणाली ते मात्र कळवलं नाहीस, म्हणजे बरंच म्हणाली असणार. तेव्हा माझीही बाजू ऐकून घे. तुला ठाऊकच आहे, नात गिटार वाजवते आणि गाते (गाते म्हणजे ओरडते, पण सुरात ओरडते, हे मी कबूल करतो). तिच्या सवंगड्यांचा बँड आहे. त्याला मी एकदा कौतुकाने वाजंत्री म्हटलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती त्यांच्या तालमीपेक्षा भयंकर होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी तालीम करायची. नगराध्यक्षांच्या भाच्याला तिथे गोदाम हवं झालं. लगेच खोलीची वीज तोडली, दाराला कुलूप पडलं, आणि कारण काय, तर म्हणे मुलांच्या झोपेची आणि आरोग्याची काळजी. नातीने त्यावर गाणं रचलं आणि निवडणुकीच्या तोंडावर शाळेच्या मैदानात ते म्हणायचं ठरवलं.

यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली. माझं मत मी घास हातात धरून मांडलं. कलावंताने चंद्राकडे पाहावं, गटाराकडे पाहायला नगरसेवक आहेत. नात म्हणाली, "आजोबा, ते पाहत नाहीत म्हणून तर आम्हाला वाकावं लागतं." सूनबाई म्हणाली, "दोघांनी आधी ताटाकडे पाहा, गार होतंय." रॉकवाल्यांनी राजकारणात पडावं की नाही, हा प्रश्न तिथे थांबला असता तर हे पत्र तुझ्या गुडघ्यावरच संपलं असतं.

पण त्या गाण्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. आमच्या गच्चीवरच्या तालमीत ऐकलं तेव्हा मला त्यात फक्त एक मांजर आणि एक पत्र्याचं छप्पर ऐकू आलं होतं. पाणी घ्यायला गेलो, सहज बोटांवर मात्रा मोजल्या, आणि बाटली हातातच राहिली. भुजंगप्रयात! लघु, गुरू, गुरू. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. चिमणे, माझे डोळे भरून आले. आपले मास्तर टेबलावर डस्टर आपटत ताल द्यायचे, उन्हाच्या तिरीपेत खडूची धूळ नाचायची, आणि अख्खा वर्ग झुलत झुलत म्हणायचा, आठवतं? तू पलीकडच्या वर्गात होतीस आणि भिंतीआडून हमखास चुकीच्या जागी साथ द्यायचीस. मला तर चालीशिवाय काही पाठच होत नाही. गॅसवाल्याचा फोन नंबरसुद्धा मी चालीत म्हणतो (सिलिंडर त्यामुळे लवकर येतं असं नाही). तेव्हा नातीचं गाणं मी आपल्या त्या वर्गातल्या चालीवर बसवलं. नातवंडाच्या शब्दांत आपलं बालपण सापडावं, यात कुणाला काही गुन्हा दिसतो का?

दुसऱ्या दिवशी दाढीला सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्याची सवय अशी की खुर्चीत बसलं की, "आजोबा, होऊ द्या एखादी," म्हणायचं. मी सुरू केलं.

तुझ्या सावलीला अम्हा ठाव देई
तुझ्यावीण आम्हा दुजे कोण नाही

दिवे मालवी तू अम्ही झोपण्याला
किती काळजी रे तुला लेकरांची

नात हे म्हणते तेव्हा ड्रमवर अशी टिपरी पडते की टोमणा बहिऱ्यालाही कळावा. आपल्या चालीत मात्र "किती काळजी रे" वर जो हेलकावा येतो, त्याने सलूनवाल्याचा हातच थांबला. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंडभर फेस लावून डोळे मिटून ऐकत होते. मी शेवटच्या कडव्यातली "तुला हार घालू, तुझे पाय वंदू" ही ओळ म्हणून संपवली, त्यांचा फेस पुसला गेला, आणि आतून नगराध्यक्ष निघाले. त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आजवर माझ्याबद्दल असं कुणी लिहिलं नाही हो." गैरसमज तिथल्या तिथे दूर करायला हवा होता, हे मला कळतं. पण तेवढ्यात सलूनवाल्याने माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवला, आणि अशा स्थितीत माणसाने मतभेद व्यक्त करू नयेत असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग त्यांनी गाडी पाठवली. (दाराशी गाडी आल्यावर नाही कसं म्हणायचं, तूच सांग.) फोटोवाल्याच्या स्टुडिओत पेटीच्या साथीने माझा आवाज भरून घेतला. चहाही चांगला होता. आणि दुसऱ्या सकाळपासून कर्णे लावलेली एक जीप गल्लोगल्ली माझ्या आवाजात नगराध्यक्षांच्या सावलीला ठाव मागत फिरू लागली. नात तोंड धूत होती. ती ब्रश तोंडात तसाच ठेवून गॅलरीत गेली आणि जीप वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. ड्रम वाजवणारा पोरगा, ज्याला ही मंडळी ढोल्या म्हणतात, जिन्यातूनच ओरडला, "तुझ्या आजोबांनी आपल्याला विकलं गं!" मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. उलटा होता, हे नंतर लक्षात आलं.

तरीही पोरांनी मैदानातला कार्यक्रम केला. मी मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसलो. गिटार कडाडली, नातीने पहिली ओळ फेकली, आणि पुढे बसलेल्या बायाबापड्यांना वाटलं, अरे, हे तर जीपवालं! झालं. अख्खं मैदान झुलत झुलत आपल्या चालीत म्हणू लागलं. एका आजीबाईंनी हात जोडले. पोरं जितकी जोरात वाजवीत, तितके लोक भक्तीने संथ होत. शेवटच्या कडव्याला काय झालं ते लिहवत नाही. नातीने गिटार खाली ठेवली आणि ती मंचावरून उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे त्याहून वाईट. घरी आल्यावर तिने मला फक्त एक प्रश्न विचारला. (तो इथे देत नाही, उगाच विषयांतर होईल.) मी म्हटलं, चालच तशी आहे बाळ. तिने बॅग भरली आणि ती तुझ्याकडे आली.

तेव्हा मूळ प्रश्नावर माझं सुधारलेलं मत असं : रॉकवाल्यांनी राजकारणात खुशाल पडावं. ते ओरडत पडतात, त्यामुळे पडले हे निदान चारचौघांना कळतं. आमच्यासारखे गोड गळ्याचे पडतात तेव्हा आवाजही होत नाही. बाकी सर्व क्षेम. मेहुण्यांना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
दादा

ता. क. फेसाविषयी वर जो क्रम लिहिला आहे, तो जरा पुढेमागे झाला. नगराध्यक्षांचा फेस दुसऱ्या कडव्यानंतरच पुसला गेला होता. मी त्यांना ओळखलं. ते माझ्याकडे असे बघत होते, चिमणे, जसं मास्तरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं होतं, चुकून. नातीच्या कागदावर "तुझे पाय चाटू" असं आहे. "वंदू" माझं. वृत्तात चपखल बसलं, याचा त्या क्षणी मला आनंदच झाला. मैदानात नात जीव तोडून "चाटू" म्हणत होती आणि अख्खा गाव माझं "वंदू" म्हणत होता. तिने घरी विचारलं ते हेच, की तो शब्द लोकांनी बदलला का तुम्ही. चालीचा यात काही दोष नाही.

ता. क. दुसरा. काल नगराध्यक्षांचा माणूस नवीन गाणं मागायला आला होता. मी त्याला धीर करून खरा शब्द सांगितला. त्याने डोकं खाजवलं, मनाशी चालीत म्हणून पाहिलं आणि म्हणाला, "हेही चालेल आजोबा, भावना पोचते."

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच. पोरं बाजारातल्या चौकात पुन्हा गाणार आहेत असं कळलं. नातीला विचार, शेवटच्या कडव्याला मी मंचावर येऊ का? तो शब्द मी बदलला हे माइकवर सांगेन आणि तिचा शब्द तिच्यासारखा ओरडेन. न्हाणीघरात सराव चालू आहे. सूनबाईने दार ठोठावून विचारलं, "मामंजी, पडलात की काय?" मी म्हटलं, हो. नात नको म्हणाली, तर तू मधे पडून कळवू नकोस. फोन तिच्याच हातात दे. ओरडली तरी चालेल.