तंगाची शिवण

इतवारा, नांदेड
४ डिसेंबर २०१७

प्रिय सौदामिनी,

दर महिन्याला आपण फोनवर बोलतो, त्यामुळे हे पाकीट पाहून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. पण फोनवर माझं असं होतं की जे बोलायचं असतं ते ओठांपर्यंत येतं आणि मी तुला विचारते, लातुरात पाणी किती दिवसांनी सुटतं गं? तूही मग पाण्याबद्दल बोलत राहतेस. चोवीस वर्षं असंच चाललंय. कागदावर तरी मला विषय बदलता येऊ नये म्हणून लिहायला बसले आहे. आमचे हे, शारिक, काउंटरवर आहेत, दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक कमी आहे.

माळेगावची खंडोबाची जत्रा बारा-तेरा दिवसांवर आली, म्हणजे आमची दिवाळी. कानपूरहून माल उतरलाय. तू शेवटचं दुकान पाहिलंस तेव्हा आमच्याकडे खोगीर, लगाम, खरारा आणि चाबूक एवढंच असायचं. आता घोड्याचा शाम्पू आहे, आयाळ मऊ राहावी म्हणून वेगळी बाटली आहे, खुरांना लावायचं काळं तेल आहे, माश्या बसू नयेत म्हणून फवारा आहे. परवा देगलूरचे शिवप्पा आले होते, त्यांचे दोन पांढरे घोडे दरवर्षी जत्रेत असतात. त्यांनी शाम्पूचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "असला वासाचा साबण म्या घरात बी कधी आणला न्हाई, अन् ह्या जनावराला नेऊन राहिलो. घरी कळलं तर मलाच तबेल्यात झोपावं लागंल." आणि चार बाटल्या घेऊन गेले. पण खोगीर मात्र लोक अजून माझ्याच हातचं मागतात. मागच्या खोलीत अब्बांच्या जुन्या पाटावर बसून मीच शिवते. कुणाच्याही हाती दुसरं काहीही देईन, तंग देत नाही. पोटाखालून आवळायचा तो पट्टा, त्याच्यावर सगळा स्वार असतो. प्रत्येक तंग दोन सुयांनी, मेण चोळलेल्या दोऱ्याने, आणि दुकानाबाहेर जायच्या आधी मी त्याला आढ्याच्या कडीला अडकवून स्वतः लोंबकळते. शारिक हसतात. हसू देत.

मागच्या रविवारी तुझी उर्वी आली होती, आजोबांना, म्हणजे आपल्या सरांना घेऊन. मी तिला बघतच राहिले. तुझीच चाल, टाच आधी टेकवायची. कंधारला नरसिंगच्या घोडीवर बसते म्हणाली, सुट्टीत आजोबांकडे आली की. नरसिंग म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला आणि म्हणून सरांवर फार जीव असलेला. त्या घोडीच्या पाठीचं माप एका तारेवर वाकवून आणलं होतं पोरीने, आणि ते बरोबर होतं! तिनं दुकानातल्या सगळ्या बाटल्या उघडून पाहिल्या, सगळे खरारे हाताच्या तळव्यावर फिरवून पाहिले. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, मम्मी क्लासमध्ये फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिते. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून उतरवतात. तिचा हात वर जात नाही ना." ती सहज बोलून गेली. मी आत जाऊन पाणी प्याले.

सर मात्र दुकानात आलेच नाहीत. पायरीशी उभे राहिले. "या ना सर" म्हटलं तर म्हणाले, "असू दे, मी इथंच बरा." ब्याऐंशी वर्षांचा माणूस, उन्हात. मग खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.

तुला आठवतं का, कंधारला आपल्या शाळेत मराठी माध्यमात मुसलमानांची मी एकटीच मुलगी होते. अब्बांचं दुकान तेव्हा तिथंच बसस्टँडच्या मागे होतं, आणि तुमची घोडी रेशम नाल आणि चामड्याच्या कामासाठी तिथं यायची म्हणून आपली ओळख झाली. गणिताच्या मास्तरनं घोडी पाळावी याचं गावाला हसू यायचं. सरांच्या वडिलांपासून घरात घोडं होतं, आणि सर म्हणायचे की शिकवणीच्या पैशात लोक घरं बांधतात, मी घोडीला चंदी घालतो. रेशम कुमैत होती, काळपट तांबडी, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. तू तिच्यावर रेवाल चालीत निघालीस की हातातल्या पेल्यातलं पाणी सांडायचं नाही, हे मी स्वतः पाहिलंय. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातच ठरलं की येत्या माळेगावला चालीच्या स्पर्धेत सर नाही, तू उतरायचं. मुलगी म्हणून एकटीच. मी तुझ्यासाठी सगळा साज करणार होते. आपण दोघी अठरा वर्षांच्या.

मग सप्टेंबरचा भूकंप झाला. माझ्या आत्याचं, बेगमबीचं, सासर औसा तालुक्यात होतं हे तुला माहीत आहे. दुपारपर्यंत बातमी आली आणि अब्बा मिळेल त्या बसनं गेले. आत्या, तिचे यजमान, दोन्ही मुली, कुणीच राहिलं नव्हतं. अब्बा माती देऊन परत येतील असं वाटलं होतं, पण ते तिथंच थांबले. पाऊस चालू होता, लोक उघड्यावर होते, आणि ताडपत्री शिवायला जाड सुई चालवणारा माणूस हवा होता. जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर त्यांनी निरोप पाठवला, की घरातलं सगळं मेण, सगळा जाड दोरा आणि मोठ्या सुया पाठवून द्या. मी पाठवल्या. दीड महिना ते तंबू शिवत होते. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला कंप होता आणि ते कुणाशी बोलत नव्हते. त्यानंतर जवळजवळ वर्षभर अब्बांनी सुई धरली नाही. दुकानातलं काम मीच करत होते. पण बाहेर आम्ही सांगायचो, खाजामियांनीच शिवलंय. पोरीच्या हातच्या तंगावर कोण आपला जीव टाकणार?

सौदामिनी, आता जे लिहिते आहे ते नीट वाच.

तुझ्या खोगिराचा तंग मी ऑक्टोबरात शिवला. घरात मेण नव्हतं, जाड दोरा नव्हता. मी साधा दोरा दुहेरी केला आणि एका सुईनं बक्कल शिवून टाकलं. मनात होतं, अब्बा आले की त्यांच्याकडून पुन्हा करून घेऊ. अब्बा आले, पण मी सांगितलं नाही. त्या हाताकडे बघून कसं सांगणार होते? तू रोज सराव करत होतीस. घोडीचा घाम त्या कोऱ्या दोऱ्यात तीन महिने मुरत राहिला. जत्रेच्या आठ दिवस आधी तू दुकानात आलीस, तंग माझ्या मांडीवर टाकलास आणि म्हणालीस, "सबिहा, एवढं बघ गं, मला एक टाका उचलल्यासारखा वाटतोय." टाका उचललेला होता. मी पाहिला. पण त्या वेळी माझ्यापुढे रेशमची झूल होती, लाल गोंडे ओवायचे राहिले होते, कलगीला मोरपीस लावायचं होतं. सगळ्या जत्रेनं बघत राहावं असा साज मला करायचा होता. मी तंग दोन्ही हातांनी एकदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "पक्का आहे. काही होत नाही." एवढंच म्हणाले. तू विश्वास ठेवलास.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू जमिनीवर होतीस, मी उभी होते. दुसऱ्या फेरीत वळणावर तंग तुटला. खोगीर फिरलं आणि तू उजव्या हातावर पडलीस. रेशम छातीच्या पट्ट्यात अडकून पोटाखाली लटकतं खोगीर घेऊन दुकानांमध्ये शिरली, लोक ओरडत होते त्याने ती आणखी बिथरली, आणि भांड्यांच्या दुकानाच्या तंबूच्या दोरांत तिचा पुढचा पाय अडकून मोडला. तुला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरनं तिला इंजेक्शन दिलं तेव्हा सर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे तुला कुणी सांगितलं नसेल. ती त्यांच्या खिशाकडे बघत होती, गुळासाठी.

आता तुला माहीत नाही ते. तू पडल्यावर सर आधी तुझ्याकडे धावले, तुला जीपमध्ये बसवलं, मग परत येऊन त्यांनी मैदानातून तंग उचलला. शिवण पाहिली. दोरा बोटांत घेऊन कुसकरला, त्याचा भुगा झाला. मी चार पावलांवर होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं, कुणी शिवलंय तेसुद्धा. तेवढ्यात माणसं गोळा झाली, कुणीतरी विचारलं, "मास्तर, खोगीर कुणाचं? खाजाचं का?" सर म्हणाले, "खोगिराला काही झालेलं नाही. तंग मी आवळला होता. ढिला राहिला. माझी चूक." आणि चहाच्या हॉटेलवाल्याची भट्टी शेजारीच पेटलेली होती, तिच्यात त्यांनी तो तंग सगळ्यांच्या देखत टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, मी सौदामिनीला सांगते. ते रागावले, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर रागावले. म्हणाले, "तुझ्या बापानं आत्ताच बहीण पुरली आहे. आता दुकान पण पुरायचं का? लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. पोरीनं शिवलं म्हणून पडलं, असं एकदा झालं की तुझ्या हातचं जन्मात कुणी घेणार नाही. तू शीक. नीट शीक. आणि यातलं एक अक्षर कुणाला बोलायचं नाही." मी त्यांना शब्द दिला. खोटं का बोलू, तो शब्द देताना मला सुटल्यासारखं वाटलं. शब्दाच्या आड लपायला मिळालं ना.

दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "बाबांनी माझी घोडी मारली. एक पट्टा धड आवळता आला नाही त्यांना." मी एक फोड तुझ्या हातात दिली. मग तू लातूरला शिकायला गेलीस, तिकडेच राहिलीस. तुझा क्लास सुरू झाला, पन्नास मुलांचे पाचशे झाले, तू दिवाळीला दोन दिवस कंधारला येऊन जायचीस आणि सरांशी तुझं बोलणं हवापाण्याइतकं उरलं. त्यांनी पुन्हा घोडं बांधलं नाही. तबेल्याच्या जागी त्यांनी तुळशी आणि कढीपत्ता लावला. इकडे माझं काम मात्र नावारूपाला आलं. हदगावपासून उदगीरपर्यंतचे लोक सबिहाबाईचं खोगीर म्हणून मागतात. त्या प्रत्येक खोगिरामागे तुझ्या बापाचं एक खोटं वाक्य आहे, आणि त्याची किंमत तू आणि त्यांनी दिली आहे. मी नाही.

आता हे आत्ताच का लिहिते ते सांगते. रविवारी मी उर्वीला विचारलं, आजोबा आत का येत नाहीत? तिनं खाली बघत सांगितलं की तू तिला माळेगावला उतरायची परवानगी दिलीस, पण एका अटीवर. आजोबांनी घोडीच्या सामानाला हात लावायचा नाही आणि त्या दिवशी मैदानात यायचं नाही. सरांनी अट ऐकली आणि "बरोबर आहे तिचं" एवढंच म्हणाले. म्हणून ते दुकानाची पायरीसुद्धा चढत नव्हते. उर्वी नळावर गेली तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांना म्हटलं, सर, आता तरी मला मोकळं करा, मी तिला सांगते. ते म्हणाले, "कशाला? बापावर रुसलेली मुलगी दिवाळीला तरी येते. मैत्रिणीवर रुसलेली येत नाही. तुझी तिला गरज आहे. राहू दे." सौदामिनी, चोवीस वर्षं मी त्यांचं ऐकलं. आज ऐकत नाही. तू मला फोन करू नकोस, माझं तोंड पाहू नकोस, मी तक्रार करणार नाही. माफी मागायचं तोंड मला नाही, म्हणून ती या पत्रात कुठंच मागितलेली नाही. फक्त एक फोन कंधारला कर. त्यांना सांग की सतरा तारखेला, स्पर्धेच्या दिवशी, नातीच्या घोडीचा तंग त्यांनीच आवळायचा आहे. त्यांचे हात अजून चांगले आहेत. त्यांच्या हातात कधीच काही ढिलं नव्हतं.

तुझीच,
सबिहा