नम्र कासवाचा सापळा

विनिपेग, १९ फेब्रुवारी
(बाहेर उणे एकतीस, गाडी इंजिन गरम ठेवायच्या वायरीला बांधलेली)

ती. स्टेफामावशीस,

तुझ्या दोन्ही गालांना आणि दुखऱ्या गुडघ्याला मायरनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? चर्चच्या तळघरात उभ्याने बटाटा भरलेल्या पेरोगी वळणं सोडलं असं तू सांगतेस आणि सोडलेलं नाही असं हाल्याकाकू सांगते. दोघींपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे मी अजून ठरवलेलं नाही. इकडे आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणजे मीच. नोकरीही ठीक, सरकारी लिफ्ट तपासनिसाला या थंडीत निदान आत उभं राहायला मिळतं. मंगळवारी एका दातांच्या दवाखान्याची लिफ्ट मी बंद करायला लावली. दवाखानावाल्यांना राग आला, पण माझा अहवाल नऊ पानी होता, त्यामुळे बोलता आलं नाही.

पत्राचं कारण असं की गेलं सव्वा वर्ष कुणीतरी माझी चहाडी करत होतं. तो माणूस कोण हे गेल्या शनिवारी कळलं. तुला सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण पुढेमागे साक्ष लागली तर कुणाला तरी माहीत असलेलं बरं.

तू ज्याला ‘मायरनचे पत्ते’ म्हणतेस (आणि हाल्याकाकू ‘मायरनचं लग्न न होण्याचं कारण’) त्या खेळाचं नाव आयर्नवुड. प्रत्येकाने साठ पत्त्यांचा आपला डेक घरून जुळवून आणायचा आणि समोरच्याचे वीस प्राण संपवायचे. बाजारात पत्ते नऊ हजारांवर आहेत. त्यांतले कोणते साठ एकमेकांच्या उपयोगी पडतील हे शोधून काढणं हाच खरा खेळ; टेबलावर बसल्यावर फक्त निकाल लागतो. आणि एखादा पत्ता फारच माजला, जो तो त्याच्याच जिवावर जिंकायला लागला, की कंपनीची समिती त्याच्यावर बंदी घालते. दर तीन महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता यादी लागते. बंदी आली की तो पत्ता घरी चौकटीत लावून बघत बसायचं. स्पर्धेत आणला तर सामना गेला.

आता ऐक. सव्वा वर्षापूर्वी मी ‘दलदलीतली दाई’ या पत्त्याभोवती डेक बांधला. ही दाई मेलेली पात्रं परत हातात आणून देते. पाच महिने लागले. सेल्कर्क अॅव्हेन्यूवरच्या रेनातोच्या दुकानात आम्ही शनिवारी दुपारी खेळतो. तिथे मी ओळीने सहा शनिवार जिंकलो. सातव्याच्या आधीच्या सोमवारी दाईवर बंदी. म्हटलं, होतं असं. मग ‘भुकेला पूल’ घेतला. चार शनिवार जिंकलो आणि पुलावर बंदी. मग ‘रिकामी शाळा’ नावाचा पत्ता घेतला, जो अकरा वर्षांत कुणी हातात धरला नव्हता. रेनातो तो मला खोक्याचं झाकण नीट बसावं म्हणून खाली घालायला देत होता. पाच शनिवार. शाळेवर बंदी. मावशी, एका इमारतीतल्या तीन लिफ्ट लागोपाठ एकाच मजल्यावर अडकल्या तर मी त्याला योगायोग लिहीत नाही.

पहिला संशय रेनातोवर. मॅगसिनो कुटुंबाचं ते दुकान. त्याची आई मागे बसून तांदळाचे गोड केक विकते आणि खेळाडू खरं म्हणजे त्या केकसाठी येतात. मला वाटलं, माझा डेक मोडला की मी नवे पत्ते घेणार, फायदा याचाच. पण भुकेल्या पुलावर बंदी आली त्या दिवशी त्याच्या काचेच्या कपाटात तसे चाळीस पूल पडून होते आणि तो त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर चहाडखोराची नव्हती. (तरी मी दोन शनिवार केक खाल्ला नाही.)

मग कॉर्लिस ब्यूलियू. या बाई पूर्वी कोर्टात लघुलेखक होत्या. निवृत्त झाल्यावर खेळायला यायला लागल्या, आणि त्या आल्या साधारण दाईच्याच सुमारास. समोर बसल्या की एका छोट्या वहीत काहीतरी भराभर टिपत, आणि ते सगळं लघुलिपीत, म्हणजे वाकून बघूनही उपयोग नाही. मी तरी वाकून बघितलं. तिसऱ्यांदा बघितल्यावर त्यांनी वही माझ्यासमोर उलटी करून ठेवली आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवलं, “मायरन चौदा, मी नऊ. दूध, दोऱ्याची रिळं, मांजराचं औषध. मायरन परत वाकला.” दुकान हसलं. त्या हसल्या नाहीत. कोर्टात सवय झाली असेल.

राहिला लाइल. लाइल फ्रीसन, तुझ्या कानातलं यंत्र ज्याने बसवलं तो. चौदा वर्षं आम्ही गुरुवारी त्याच्या स्वयंपाकघरात बसून एकमेकांचे डेक तपासतो. तो मेनोनाइट लोकांचं जाडजूड सॉसेज तळतो आणि मी हरतो किंवा जिंकतो. दाई, पूल, शाळा, तिन्ही डेक शनिवारच्या आधी जगात एकानेच पाहिले होते. मी हा विचार करायचं बरेच दिवस टाळलं. पण एकदा मनात शिरल्यावर सगळंच जुळायला लागलं. तो शांत का असतो? तो माझ्या हातातले पत्ते न विचारता कसे ओळखतो? आणि ज्याचा धंदाच लोकांचे कान, त्याला किती गोष्टी ऐकू येत असतील?

म्हणून जानेवारीत मी सापळा लावला. ‘नम्र कासव’ नावाचा एक पत्ता आहे. ते काही करत नाही. हल्ला करत नाही, कुणाला अडवत नाही. फक्त मरत नाही. लोक तो पुस्तकात खूण म्हणून ठेवतात. मी गुरुवारी लाइलच्या घरी गेलो आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ब्रँडन गावातल्या निवड स्पर्धेसाठी माझं सगळं गणित या कासवावर आहे, कुणाला बोलू नकोस. कासवावर बंदी आली तर चोर सापडला. आणि खरा डेक मी घरी, पडदे ओढून, ‘उलटा पाऊस’ या पत्त्यावर बांधला. तो कुणाला दाखवला नाही. डाव्या हाताविरुद्ध उजव्या हाताने ऐंशी डाव खेळलो. उजवा एकसष्ट जिंकला. ब्रँडनला जो पहिल्या चारांत येईल तो मे महिन्यात टोरंटोला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. एकवीस वर्षं खेळतोय मी, मावशी. टोरंटो मी फक्त विमान बदलायला पाहिलं आहे.

स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी मी एका बँकेच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत उभा राहून यादी उघडली. बंदी एकाच पत्त्यावर होती. उलटा पाऊस.

मी तिथे तेलाच्या डब्यावर बसलो. पडद्यांच्या आत मी, माझे दोन हात आणि मांजर, एवढेच होतो. याचा अर्थ लाइल निर्दोष होता, हे मला लगेच कळलं. पण आधी कळलं ते हे की माझ्याकडे आता डेक नाही आणि हातात पाच दिवस आहेत.

गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर दोन डेक ठेवलेले होते, दोन्ही सारखेच. तो म्हणाला, “तुझ्या कासवावर पाच आठवडे बसलो होतो. पटतंय ते. एक तुझ्यासाठीही करून ठेवला.” त्याने दाखवलं तेव्हा मी सॉसेज खाली ठेवलं. ‘शेजारधर्म’ म्हणून एक विसरलेला पत्ता आहे: तुमच्यावर येणारा घाव तुमच्या एखाद्या पात्रावर ढकलता येतो. लाइल सगळे घाव कासवावर ढकलत होता, आणि कासव तर मरत नाही. समोरचा मारून मारून दमतो, त्याचे पत्ते संपतात, आणि तो हरतो. मी खोटं म्हणून जे सांगितलं होतं ते या माणसाने खरं करून ठेवलं होतं. मी म्हणालो, “हो, माझ्याही डोक्यात असंच काहीसं होतं.”

शनिवारी सकाळी त्याच्या गाडीने ब्रँडनला निघालो. वाटेत पोर्टाजला पेट्रोल भरायला थांबलो असताना (हे मी लाइलला सांगितलेलं नाही) मी स्वच्छतागृहात जाऊन माझ्या डेकमधले चारही शेजारधर्म काढून टाकले. इतका भलेपणा मला पचेना. वाटलं, माणसाने एवढं आयतं दिलं आहे, तर त्यात काहीतरी असणार. त्यांच्या जागी मी चार ‘शेवटची मशाल’ घातली. नुसतं कासव मरत नाही हे खरं, पण मी मरतो. सात फेऱ्यांत पाच वेळा मेलो. लाइल सहा जिंकला आणि पहिल्या चारांत आला.

दुपारनंतर मी हरलेल्यांच्या बाकावर कॉफी घेऊन बसलो असताना गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लावलेली एक बाई माझ्या छातीवरचं नाव वाचत आली. ट्रास्क तिचं नाव; बंदी ठरवणाऱ्या समितीतली. म्हणाली, “हरिचाक? लिफ्टवाले मायरन हरिचाक तुम्हीच?” आणि माझा हात धरून हलवतच राहिली.

आता हे मी आधी लिहायला हवं होतं, पण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. कंपनीच्या संकेतस्थळावर खेळाडूंच्या अभिप्रायाचा एक अर्ज आहे. लोक त्यात ‘छान’ किंवा ‘महाग’ लिहितात. मी दर रविवारी सकाळी तो भरतो. अहवाल लिहिण्याची सवय, दुसरं काय. नव्या डेकमधले पत्ते, किती डाव, किती टक्के विजय, कुठल्या फेरीत समोरच्याची मान अडकते, सगळं तक्त्यांसकट. उलट्या पावसाचे डाव्या-उजव्या हाताचे ऐंशी डावही पाठवले होते, हातांची वयं लिहून. आणि शेवटी, थोडा अभिमान म्हणून, एक ओळ: हा पत्ता हातात असलेल्या माणसाला हरवणं माझ्या मते अशक्य आहे.

“आम्ही तुमचा प्रत्येक अहवाल तपासून बघतो,” ट्रास्कबाई म्हणाल्या. “दर वेळी तुमचंच बरोबर निघतं. आमच्याकडे तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस दुसरा नाही. स्वतःच्या डेकविरुद्ध कोण लिहितं?”

मी म्हणालो, कुणी नाही.

परतीच्या वाटेवर हे लाइलला सांगितलं. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. चष्मा पुसून झाल्यावर शांतपणे म्हणाला, “पण कासवाबद्दल थँक यू, मायरन. चौदा वर्षांत तू पहिल्यांदाच आपणहून मला एक डेक दिलास.” पोर्टाजपासून विनिपेगपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बर्फाशिवाय काही नव्हतं.

तब्येतीला जप. तळघरात उभी राहू नकोस, किंवा राहिलीस तर हाल्याकाकूला दिसू देऊ नकोस.

तुझा,
मायरन

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं: १४ मार्चला लाइल तुमच्या डॉफिनच्या वृद्धाश्रमात कानांची यंत्रं तपासायला येतोय. त्याला जेवायला बोलाव. कोबीच्या पानांत गुंडाळलेली होलुब्त्सी कर, आणि तो तिसरी खात असताना सहज सांग की कासव हा सापळा होता, मी त्याच्यावर संशय घेतला होता आणि मला त्याची लाज वाटते. माझ्या तोंडून ते निघत नाही. तुझ्या टेबलावरून आजवर कुणी रागावून उठलेलं नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी लाइलचा फोन आला आणि माझ्या तोंडून ते निघालं. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, मग डेक बांधलास कशाला? म्हणाला, “पत्ता बरा होता. आणि तू इतकं मन लावून खोटं बोललास, ते वाया घालवायचं जिवावर आलं.” तेव्हा वरचं राहू दे. सांगू नकोस काही.

ता. क. ३. माहीत कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाला नऊ जानेवारीपासून. मावशी, मी त्या सापळ्याबद्दल जगात एकाच माणसाला बोललो होतो, सहा जानेवारीला, तुझ्याच घरी, आपल्या जुन्या पंचांगाच्या ख्रिसमसच्या बारा पदार्थांतल्या आठव्यावर. होलुब्त्सी करच. १४ तारखेला त्याच गाडीने मीही येतोय. तुम्हा दोघांना एका टेबलाशी एकटं सोडणं मला यापुढे परवडणारं नाही.